नळावरची टिकली

आमच्या ग्रुपचा एक नियम होता. भिंतीवर कुणी नाव टाकायचं नाही. चित्र पूर्ण झालं की खाली कोपऱ्यात रंगाचा एक अंगठा उमटवायचा, कुणाचाही, आणि तो कुणाचा हे बाहेर सांगायचं नाही. आधी आम्ही पूर्ण पंजा उमटवायचो, पण लोक पक्ष विचारायला लागले म्हणून अंगठ्यावर आलो. भिंत सगळ्यांची, काम सगळ्यांचं. मला हा नियम पहिल्या दिवसापासून आवडला. चार माणसांत कुणी माझं नाव घेतलं तरी माझे कान तापतात. शाळेत हजेरीला मी 'प्रेझेंट' इतकं हळू म्हणायचे की दोनदा गैरहजेरी लागली होती. नाव न लागता काम दिसावं, याहून सोयीचं मला काही सुचलं नसतं.

त्या दुष्काळी वर्षी मी या नियमामागे लपले. ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

आम्ही सहाजण होतो, बीडमधलेच. पुण्यात कलेचं शिक्षण अर्धं करून परत आलेला एकजण आमच्यात मोठा होता. त्याला सगळे दादा म्हणायचे. भिंत कुठली, विषय काय, रंग कुठले हे तो ठरवायचा. दुसरे होते पेंटर चाचा. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या आणि निवडणुकीच्या भिंती रंगवल्या होत्या. फ्लेक्स आला आणि त्यांचं काम बसलं. बांबूची परांची, दोर, लांब शिडी हे सगळं त्यांचं. दोरा न लावता सरळ रेघ ओढणारे आमच्यात ते एकटेच. बाकी आम्ही कॉलेजची मुलं.

भिंत दूध संघाची होती, शीतगृहाची रस्त्याकडची उंच भिंत. ती मिळाली माझ्या वडिलांच्या शब्दामुळे. ते संघावर संचालक होते आणि चेअरमन त्यांचे जुने मित्र. दादानं विषय ठरवला, दुष्काळाचा चेहरा. चेहरा काढायला मला दिला. मी बरी काढते हे खरं, पण भिंत माझ्या घरातून आली म्हणून चेहरा माझ्याकडे आला हे मला तेव्हाही माहीत होतं. मी काही बोलले नाही. दादाही बोलला नाही.

पावसानं दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. जनावरं छावणीत गेली होती, नाहीतर बाजारात. संघात दूध इतकं कमी यायचं की ॲल्युमिनियमच्या रिकाम्या कॅनांच्या रांगा अंगणात उपड्या घालून ठेवलेल्या होत्या. त्यांच्यावर चिमण्या बसायच्या. जे थोडे कॅन वापरात होते ते मात्र रोज उकळत्या पाण्यानं धुवायलाच लागायचे, म्हणून संघाला टँकर मिळायचा. धुवायला एक बाई होती.

तिची आणि आमची पहिली भेट पाण्यावरून झाली. रंग धरावा म्हणून भिंत आधी धुवायची असते. दादानं तिला दोन बादल्या पाणी मागितलं.

"भितीला पाणी?" ती म्हणाली. "भितीनं काय पाप केलं, आंघूळ घालताव तिला?"

दादा हसला आणि रंगाचं शास्त्र सांगायला लागला. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं. मग कॅन विसळलेलं पाणी एका पिंपात साठवलं होतं, त्याकडे बोट केलं. "ह्ये घ्या. चांगलं दुधाळ हाय. तुमची भीत गोरी होईल."

आम्ही त्या पाण्यानं भिंत धुतली. पुढचे तीन दिवस भिंतीला आंबट वास येत होता आणि कुत्री येऊन ती चाटत होती. चाचा ब्रशच्या मागच्या टोकानं त्यांना हाकलायचे आणि म्हणायचे, "देखो बेटा, अपना काम कुणाला तरी आवडलं."

ती बाई तलवाड्याच्या पलीकडच्या एका गावची. दरवर्षी दसरा झाला की ती आणि तिचा नवरा ऊस तोडायला जायचे. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे एक कोयता म्हणतात. माणसं मोजतच नाहीत, कोयते मोजतात. त्या वर्षी मुलगी दहावीला होती, म्हणून ही मागं राहिली. बीडमध्ये एक खोली घेतली, मुलीला इथल्या शाळेत घातलं आणि संघात कॅन धुवायला लागली. नवरा धाकट्या भावाला जोडीला घेऊन गेला. हे सगळं तिनं मला न विचारता सांगितलं. मी प्रश्न विचारणाऱ्यांतली नाही. बहुतेक म्हणूनच लोक मला सांगतात.

मी तिचा चेहरा काढायचं ठरवलं. वही घेऊन गेले तेव्हा ती धुण्याच्या कट्ट्यावर होती.

"मला कावून?" ती म्हणाली. "हिरॉईन भेटली न्हाई का कुनी?"

"तुम्ही काम करत राहा," मी म्हटलं. "मी बसते इथे."

कामाला लागण्याआधी तिनं कपाळावरची टिकली नखानं अलगद काढली आणि नळाच्या पाइपावर चिकटवली. मी बघतेय हे पाहून म्हणाली, "वाफंनं निघती ना. एकदा टिकली दुधात गेलती, तवा साहेब लई बोलले. तवापासून हितंच ठिवते. काम झालं की परत लावायची."

मग वाफ उठली. तिनं पदर डोक्यावरून घट्ट ओढला होता. भुवया वर चढलेल्या, नजर कॅनच्या तोंडात, कपाळ ओलं. कपाळाच्या मधोमध, टिकली रोज असते तिथे, रुपयापेक्षा लहान एक गोल जागा बाकीच्या कातडीपेक्षा किंचित फिकी होती. मी पेन्सिल आडवी धरून तो फिकेपणासुद्धा पकडला. पाइप काढला. त्यावरची टिकली काढली, एक बारीक काळा ठिपका. मला तेव्हा फार छान वाटत होतं. कुणाला न दिसणारं मला दिसतं, असं मला माझ्याबद्दल नेहमी वाटत आलंय.

कॅन संपल्यावर तिनं हात पुसले आणि पाइपाकडे वळली. "थांबा, टिकली लावते. मग काढा नीट."

मी म्हटलं, "नको, अशाच छान दिसता."

ती थांबली. मी संचालकांची मुलगी होते. तिनं टिकली पाइपावरच राहू दिली आणि मी सांगितलं तशी बसली.

चार दिवस भिंतीवर काम चाललं. खडूनं चौकटी आखल्या आणि वहीतला चेहरा एकेका चौकटीतून वर चढवला. पाइप दादानं काढून टाकायला सांगितला, चेहऱ्यावरून लक्ष उडतं म्हणून. गळा बसला नाही, भिंत संपली. त्यामुळे मंगळसूत्रही आलं नाही. कपाळावरची ती फिकी जागा इतक्या मोठ्या आकारात डागासारखी दिसायला लागली, म्हणून मीच ती भरून टाकली. उरलं एक मोठं, ओलसर, सपाट कपाळ. शीतगृहाच्या भिंतीवर, गेवराईच्या रस्त्याला तोंड करून.

चाचा खाली पदराची किनार रंगवत होते. त्यांनी मान वर केली. "बेटा, माथा रिकामा नको ठेवू."

"का चाचा?"

"का म्हणजे? घरवाला आहे ना तिचा? मैं मुसलमान होके मेरे को समजतंय, तुला नाही समजत?"

मी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला की रिकामं कपाळ हीच तर या चित्राची ताकद आहे. टिकली लावली की ती कुणाची तरी बायको होते. न लावली तर ती फक्त माणूस राहते. बोलणं चांगलं होतं. मी असं इंग्रजीत वाचलेलंही होतं आणि ते मला पटलेलं होतं. माझं स्वतःचं कपाळ कायम रिकामं असतं, आईचंही बऱ्याचदा. आमच्याकडे बघून कुणी काही भलतं समजत नाही. जीन्स घातलेल्या मुलीच्या रिकाम्या कपाळाचा लोक एक अर्थ लावतात आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बाईच्या रिकाम्या कपाळाचा दुसरा, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या चार दिवसांत मी ते मनात येऊ दिलं नाही. मी तोवर काढलेल्यांत ते कपाळ सगळ्यात सुंदर होतं. मला त्यावर ठिपका नको होता. दादाचं बोलणं मला फक्त वेळेवर मिळालं.

चाचा परत किनारीकडे वळले. "ठीक आहे. पढे-लिखे लोग."

चेअरमननी नारळ फोडला. वडील आले, भिंतीकडे बघून माझ्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला आणि त्या फोटोचा फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरला. जेवताना काकूंनी विचारलं, "यातलं तुझं कुठलं गं?" मी म्हटलं, "चेहरा मी काढला." नियम बाहेरच्यांसाठी होता, असं मी स्वतःला सांगितलं.

ती बाई चित्र बघायला रस्त्याच्या पलीकडे गेली. तिथे गेवराई, तलवाड्याकडे जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपा लागतात. तिनं वर पाहिलं आणि पदरानं तोंड झाकून हसली.

"आरं द्येवा, एवढं मोठं तोंड! माझी सासू म्हणती तुझं तोंड लई मोठं, ते काय खोटं न्हाई." मग जरा वेळानं म्हणाली, "टिकली तेवढी राह्यली ना, ताई."

"हो," मी म्हटलं. "लावते."

तोवर परांची उतरली होती. दादाला विचारावं लागणार होतं. चाचांची शिडी मागावी लागणार होती. माझी परीक्षा होती. ही सगळी कारणं खरी होती, पण मी उशीर केला तो त्यांच्यामुळे नाही.

मधे संक्रांत आली. ती गावाला जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी संघाच्या गेटपाशी माझी वाट बघत उभी होती. हसत नव्हती.

"ताई, त्या टिकलीचं तेवढं करा."

मी विचारलं नाही, पण तिनं सांगितलं. गावातलं प्रत्येक माणूस जीपसाठी त्याच भिंतीसमोर थांबतं. एका घरी हळदी-कुंकवाला बायका ओळीत बसल्या होत्या. कुंकू लावणारी त्या घरात नवीन आलेली सून होती. तिनं ह्या बाईला आधी कधी पाहिलंच नव्हतं, पाहिलं होतं ते फक्त भिंतीवर. हिच्यापाशी आली आणि तिचं बोट हवेत थांबलं. मागं वळून तिनं सासूला विचारलं, "ह्यांना लावू ना?"

"समद्या हसल्या," ती म्हणाली. "मी बी हसले. तिच्या सासूनं तिला टपली मारली. पण बोट थांबलंच ना, ताई. ओळीत बसलेल्या बाईम्होरं बोट थांबलं."

मी खाली बघत होते. तिच्या पायात रबरी चपला होत्या, कॅनच्या पाण्यानं पांढऱ्या पडलेल्या.

"सासूबाई हसल्या न्हाईत. त्यांनी तवापासून अन्न सोडल्यागत केलंय. पोरगा तिकडं कोयत्यावर, आन् हिकडं सुनेचं कपाळ तसं. म्हणत्यात, कुनाच्या तरी मनात वंगाळ आलं, तवाच भितीवर आलं. मी म्हणलं, तसं न्हाई वो आत्याबाई. शिकलेल्या पोरी हायेत, विंग्रजी शाळंतल्या. त्यांच्या ध्यानातच आलं नसंल. दिसलीच नसंल त्यांना टिकली." तिनं माझ्याकडे पाहिलं. "पण करा तेवढं."

"उद्या करते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी खरंच गेले. पिशवीत काळा रंग, थोडा लाल, बारीक ब्रश. पण जीपच्या थांब्यावर पंधरा-वीस पुरुष उभे होते. त्यांच्यासमोर एकटीनं शिडी मागायची, ती लावायची, ओढणी खोचून वर चढायचं. मी पिशवी घेऊन तशीच परत आले. त्याच्या पुढच्या दिवशी गेलेच नाही. नंतरचे दिवस मी मोजले नाहीत. संघाच्या रस्त्यानं जायचं मात्र बंद केलं.

पुन्हा गेले ते दादानं पाठवलं म्हणून. खालच्या कोपऱ्यात, अंगठा होता तिथला पोपडा निघाला होता आणि तेवढा रंग परत लावायचा होता. मी उकिडवी बसून पदराचा आणि गालाचा रंग मिसळत होते. दुपारची वेळ. मागून जीपवाल्याचा आवाज आला.

"आरं बे! तू तर गेलता ना?"

"गेलतो. परत आलो. वर जागा न्हाई म्हणले."

थांब्यावरचे सगळे हसले. मी वळून पाहिलं. चाळिशीच्या आतला एक माणूस रस्ता ओलांडून येत होता. खांद्यावर पिशवी, काखेत गोणपाटात गुंडाळलेला कोयता. उसाच्या पानांनी हात जागोजागी कापलेले. तो माझ्यापासून दोन हातांवर थांबला आणि मान मागं टाकून वर बघत राहिला. बराच वेळ.

"बाई," तो म्हणाला, "ह्ये कुनी काढलं?"

मला कळलं होतं तो कोण आहे ते.

"ग्रुपनं काढलं."

"गुरूप म्हंजी?"

"आम्ही सगळे. सगळ्यांनी मिळून."

"तोंड बी समद्यांनी मिळून?"

"हो."

त्यानं मान हलवली. माझ्या हाताकडे एकदा पाहिलं आणि परत वर. "चांगलं काढलंय," तो म्हणाला. "तीच हाय. वळखू येती."

तेवढ्यात ती गेटमधून बाहेर आली. कुणीतरी आत जाऊन सांगितलं असणार. हात ओले, पदर खोचलेला. नवऱ्याला बघून तिचा चेहरा एक क्षण उजळला आणि लगेच, मला ते स्पष्ट दिसलं, कोयत्यावर नजर गेली आणि उतरला.

"कावून आलाव?"

"मी जिता हाय का न्हाई ते दावायला." तो अजून थट्टेच्या सुरात होता. "फोटू आला समद्यांच्या फोनवर. दोन दिस टोळीतली पोरं हसली, म्हणली तुझं तेरावं कवा हाय, जेवायला येतो. मग आईचा फोन. नुसती रडती. मग टोळीतल्या बायका म्हणल्या, बायकूचं कपाळ असं असलेल्या माणसाला कोयता धरू देऊ नका, काहीतरी होईल. मुकादम म्हणला, जा, घरी तोंड दावून ये."

"ये म्हणला, आन् तुमी आलाव?" तिचा आवाज बारीक झाला. "हंगामाच्या मधी? तुमच्या जागी दुसरा कोयता उभा केला असंल त्यानं."

त्यानं कोयता एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला.

"आन् भाऊजी? ते एकले काय करतेत तिथं?"

"गाडी भरायला घेतलंय म्हणला त्याला."

ती भिंतीला टेकली. स्वतःच्याच रंगवलेल्या पदराला. अर्ध्यावर टोळी सोडणाऱ्याला मुकादम पुढच्या दसऱ्याला उभं करत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण तिच्या उभं राहण्यावरून काहीतरी संपलंय एवढं कळत होतं. माझ्या हातात ब्रश होता. दोघांपैकी एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही. मी डबे पिशवीत भरले आणि निघून आले. पोपडा तसाच राहिला.

दोन दिवसांनी मुकादमाचा फोन आला. तिला वाटलं होतं तसंच झालं होतं. हे मला वडिलांच्या ड्रायव्हरकडून कळलं. तो सहज बोलत होता, गंमत म्हणून. बीडमध्ये सगळे ती गोष्ट गंमत म्हणूनच सांगत होते, की एका माणसाला चित्रानं मारलं.

मी चाचांच्या घरी गेले. दादाला विचारलं नाही. चाचा ओट्यावर बसून एका दवाखान्याची पाटी रंगवत होते, बऱ्याच दिवसांनी मिळालेलं काम.

"चाचा, शिडी पाहिजे."

त्यांनी विचारलं नाही कशाला. "आता?" एवढंच म्हणाले. "आता कशाला आलीस, बेटा?" तरी उठले. शिडीचं एक टोक त्यांनी खांद्यावर घेतलं, दुसरं मी. भर बाजारातून आम्ही ती नेली. लोक बघत होते. कान तापले होते, पण शिडी खांद्यावर असली की माणसाला कान झाकता येत नाहीत.

थांब्यावर नेहमीइतकेच पुरुष होते. नवराही होता, गेटपाशी टेकून बसलेला. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमालीचं काम बघायला तो जाणार होता. मी आधी त्याच्याकडे गेले. वाटेत तीन वेळा मनात म्हटलेलं वाक्य तरीही अडखळलं.

"ते... चेहरा मी काढलाय. मी एकटीनं."

"कळलंतं मला," तो म्हणाला. "त्या दिशी तुमच्या नखात त्याच तोंडाचा रंग व्हता."

तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला कुठेतरी बघता आलं असतं.

मी चढले. चाचांनी शिडी धरली. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं नवऱ्यानंही धरली. जवळून ते कपाळ नुसता रंग होता, तपकिरी, थोडा पिवळा, ब्रशच्या केसांच्या रेघा. खालून तिचा आवाज आला. ती कधी बाहेर आली मला कळलं नव्हतं.

"जरा वर घ्या. आजून. तिथं न्हाई, तिथं भुवईला लागंल." मग, "बास. एवढी मोठी नको वो, मी काय द्येवी हाय का? बारकी लावते मी."

थांब्यावरून कुणीतरी ओरडलं, "मोठीच लावा, लांबून दिसाया पायजे!"

तिनं तिकडे वळून काहीतरी सुनावलं आणि ते हसले. ती हसली का ते मला वरून दिसत नव्हतं. मी लाल गोल भरला आणि मधे काळा. ओला रंग उन्हात चमकला. मी खाली उतरले.

मला काहीतरी द्यायचं होतं. माफी मागायला मराठीत माझ्याकडे शब्द कमी आहेत. इंग्रजीत एक आहे आणि तो दिवसातून दहा वेळा वापरून झिजलेला आहे. मी वही आणली होती. कट्ट्यापाशी जाऊन ते पान काढलं, वहीतून हळूच, कड फाटणार नाही असं, आणि तिच्या हातात दिलं. "हे तुमचं पहिलं चित्र," मी म्हटलं. "तुमच्याकडेच असू द्या."

तिनं हात पदराला पुसले आणि कागद दोन्ही हातांनी धरला. नवऱ्याला दाखवायला वळली. "बघा, ह्ये चांगलं हाय त्या भितीवरच्यापरीस. ह्यात हात बी हायेत माझे. कॅन हाय. ह्यो बघा नळ..."

ती थांबली. कागद जवळ घेतला. नखानं एका जागी हलकंच खरवडलं, धूळ आहे का बघतात तसं. ते निघालं नाही.

"ही माझी टिकली न्हवं?"

मी वही मिटली.

"नळावरची. ठिवलेली." तिनं मान वर केली. "म्हंजी तुमाला दिसली व्हती."

"हो," मी म्हटलं.

सासूला, आणि बहुधा शेजारणींना, ओळीत बसलेल्या बायकांना, नवऱ्यालाही, तिनं एकच सांगितलं होतं. पोरींना दिसलीच नसंल. मी तिथे उभी राहून ते वाक्य आठवत होते आणि ती बहुधा तेच आठवत होती. नवरा दुसरीकडे बघायला लागला. तिनं कागदाची घडी घातली नाही, चुरगाळला नाही. तो तसाच माझ्या हातात परत दिला.

"ऱ्हाऊ द्या, म्याडम."

त्या दिवसापर्यंत ती मला ताई म्हणत होती.

दुपारचं दूध येऊन गेलं होतं आणि कॅन धुवायचे राहिले होते. ती कट्ट्यावर गेली. रोजच्या सवयीनं तिचा हात कपाळाकडे गेला, अंगठा आणि बोट टिकलीच्या दोन्ही बाजूंना टेकले. पाइप समोरच होता. मी समोरच होते. हात तिथेच थांबला. मग तिनं तो खाली घेतला, टिकली न काढता, आणि गरम पाण्याचा नळ सोडला. वाफ वर आली. पहिला कॅन तिनं चेहरा मागं घेऊन, मान एका बाजूला वाकडी धरून धुवायला घेतला, टिकली आत पडू नये म्हणून. तशी मान धरून हात नीट पोहोचत नव्हता.

मी गेटबाहेर येईपर्यंत कॅन आपटल्याचा आवाज येत होता.